हातावरचं दही

"पाणीसुद्धा नाही?" आईनं पुन्हा विचारलं.

"नाही. रात्रीपासून खाणं बंद, सकाळपासून पाणी बंद. डॉक्टर तुझ्यासमोरच बोलल्या ना?"

"बोलल्या की. ऐकलं मी." ती म्हणाली आणि खारीकडं बघत राहिली.

खारी पेटीच्या टेबलाखाली, तिच्या नेहमीच्या जागी पडली होती. आमची पुढची खोली म्हणजे अण्णांचा कारखाना. हार्मोनियम दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एकदा एका पेटीचा भाता उघडा असताना हे कुत्रीचं पिल्लू कुठूनसं आत शिरलं आणि त्यातच झोपलं. रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नाव खारी. नावं ठेवायला अण्णांना फार विचार करावा लागत नसे. माझं वैजयंती हे नाव त्यांनी समोरच्या लाँड्रीची पाटी वाचून ठेवलं, असं आई सांगायची, आणि अण्णांनी ते कधी खोडून काढलं नाही.

त्या हिवाळ्यात अण्णा जाऊन काही वर्षं झाली होती. हृदयाच्या ऑपरेशनला म्हणून मिरजेतल्याच एका मोठ्या दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. त्यानंतर घरात आई, मी आणि खारी. मी दिवसभर शाळेत शिकवायला जायची, त्यामुळं खरं तर घरात त्या दोघीच. आई पेट्यांवरची धूळ पुसायची आणि पुसता पुसता भाता हलवून एखादी पट्टी दाबायची. सूर निघाला की टेबलाखाली शेपटी हलायची. एवढ्यावर दोघींचे दिवस सरत होते.

आणि आता तीच खारी घटाघटा पाणी प्यायला लागली होती, पोट फुगलं होतं, भाकरीकडं ढुंकून बघत नव्हती. जनावरांच्या डॉक्टर कोरेंनी सोनोग्राफी केली आणि सरळ सांगितलं, की गर्भाशयात पू झालाय, पिशवी काढावी लागेल. वय झालंय, भूल सोसेल की नाही याची खात्री देता येत नाही. पण काढली नाही तर पिशवी आतच फुटेल, आणि मग काही हातात राहणार नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "वैजू, ही पण गेली तर मी त्या खोलीचं दार लावून टाकणार. मग तू मला काही म्हणायचं नाहीस."

तर त्या सकाळी मी रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेले. धुकं इतकं दाट होतं की समोरच्या लाँड्रीची पाटीसुद्धा दिसत नव्हती. गळीत हंगाम सुरू झालेला, हवेत कुठूनतरी उसाच्या रसाचा गोडसर वास येत होता. दस्तगीरमामा रिक्षात शाल पांघरून बसले होते. ते अण्णांचे दोस्त, त्यामुळं आमच्या घराची वाट त्यांच्या रिक्षालाच पाठ होती. मी त्यांना घेऊन परत आले तर आई पदराला हात पुसत दारात उभी, खारी तिच्या पायाशी जिभल्या चाटत बसलेली. मोरीत एक वाटी पालथी पडली होती. मला तेव्हा त्यातलं काहीही दिसलं नाही. म्हणजे दिसलं, पण लक्षात आलं नाही. मी खारीला चादरीत गुंडाळण्याच्या गडबडीत होते.

आईनं एक छोटा डबाही बरोबर घेतला. "दही आहे," ती म्हणाली. "शुद्धीवर आली की लागेल तिला."

दवाखाना सांगलीच्या रस्त्याला. सरळ गेलं तर रिक्षात बसून नीट सावरेपर्यंत येतो. पण दस्तगीरमामांनी न विचारता डावीकडं वळवली. अण्णा जिथं गेले तो दवाखाना सरळ रस्त्यावर होता आणि आई त्या रस्त्यानं जात नसे. भाजीला नाही, लग्नाला नाही, कुणाला भेटायलाही नाही. मिरजेत एक दवाखाना टाळायचा म्हणजे दुसऱ्या चार दवाखान्यांवरून जावं लागतं. तरी आम्ही तो टाळत होतो, गल्ल्याबोळांतून, खड्ड्यांतून. ज्यांनी अण्णांचं ऑपरेशन केलं त्यांचं नावही आई घेत नसे. घेतलंच तर "तो माणूस" एवढंच. त्या माणसानं दारातून दोन वाक्यं सांगितली आणि निघून गेला, हे मात्र ती कधी विसरली नाही.

डॉक्टर कोरेंचा दवाखाना एका जुन्या बैठ्या बंगल्यात होता. अंगणात बुचाचं उंच झाड, आणि खाली पांढऱ्या लांब देठांच्या फुलांचा सडा. धुक्यात झाडाचा शेंडा दिसतच नव्हता, त्यामुळं फुलं आभाळातूनच पडतायत असं वाटत होतं. खारीला उचलून आत नेताना तिच्या पाठीवरही दोन फुलं पडली. आईनं ती झटकली नाहीत.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहूनही लहान असतील. त्यांनी खारीचं वजन केलं, हिरड्या बघितल्या, छाती ऐकली. पुढच्या पायावरचे केस मशीननं काढले आणि सलाईनची सुई लावली. हे सगळं करताना त्या आईशी बोलत होत्या.

"आधी एक इंजेक्शन देणार, त्यानं ती पेंगायला लागेल. मग भूल. घशात नळी घालणार, श्वासासाठी. डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यात मलम घालायचं. तुम्ही तेव्हा आत नसाल, पण आधीच सांगते, नंतर घाबरू नका. बाहेर आणली की ती थरथरेल. रडेल सुद्धा. ते रडणं दुखण्याचं नसतं, काकू. ती जागी झालेलीच नसते."

"मग रडतं कोण?" आईनं विचारलं.

डॉक्टर थांबल्या. बहुतेक हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "ते मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "डोळे उघडे असतील, पण तुम्हाला ओळखणार नाही. ऐकायला मात्र लवकर येतं. तेव्हा हळू आवाजात नावानं हाक मारत राहायचं. येते ती."

"येते," आई स्वतःशी म्हणाली.

"रात्रीपासून काही पोटात नाही ना?" इंजेक्शन भरता भरता डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "सकाळपासून पाण्याचा थेंबही नाही."

डॉक्टरांनी सिरिंज उजेडात धरून टिचकी मारली. खारी शांत होती. तिला काय, टेबल आणि हात, एवढंच तिचं जग. मी तिचं डोकं धरलं. डॉक्टरांनी तिच्या मांडीचा स्नायू चाचपला.

"थांबा," आई म्हणाली.

आम्ही दोघींनी वर बघितलं. आईचा चेहरा उतरला होता. जन्मभर बालवाडीतल्या पोरांना "खरं बोल" म्हणून सांगितलेली बाई. आता तिलाच खरं बोलायचं होतं.

"तिनं दही खाल्लंय."

"कधी?"

"निघताना. मीच दिलं. हातावर देतात तेवढंच, दही-साखर." मग जरा थांबून, "तेवढं खाल्लं आणि मग तिनं वाटीच बघितली. मी वाटी पुढं केली."

डॉक्टरांनी सुईला टोपण लावलं आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी होते, ती श्वासात जाते, आणि चांगलं झालेलं ऑपरेशनसुद्धा फुकट जातं; हे डॉक्टरांनी आदल्या दिवशी आम्हाला समजावून सांगितलं होतं आणि आईनं मान हलवली होती.

"आई, किती वेळा सांगितलं मी तुला?"

"त्यांना बोलू नका," डॉक्टर मला म्हणाल्या. "सांगितलं त्यांनी, हे महत्त्वाचं. लोक सांगत नाहीत." मग आईकडं वळून, "आता थांबावं लागेल, काकू. दुपारपर्यंत. तोवर सलाईन आणि औषधं सुरू ठेवते. पिशवी तोवर धीर धरेल अशी आशा करू."

आशा करू. हे दोन शब्द घेऊन आम्ही बाहेर आलो आणि झाडाखालच्या बाकावर बसलो. दस्तगीरमामा काही न विचारता चहा आणायला गेले.

ऊन धुक्यात विरघळून नुसता पिवळट उजेड झाला होता. फुलं पडत होती. पडण्याचा आवाज होत नव्हता, पण पडलेली दिसायची. आई डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"अण्णांच्या दिवशी," ती म्हणाली, "मी वाटी घेऊन दारात उभी होते. आठवतं तुला?"

मला आठवत होतं. अण्णा चपला घालत होते आणि आईच्या हातात दह्याची वाटी. कुणी परीक्षेला निघो, गावाला निघो, नव्या नोकरीला निघो, आमच्या घरात उजव्या हातावर चमचाभर दही-साखर घेतल्याशिवाय कुणाचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. मी तिच्या हातातून वाटी घेतली होती. डॉक्टरांनी काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय, असं म्हणून ती फ्रिजवर ठेवून दिली होती. इतकंच. नंतरच्या सगळ्या धावपळीत ती वाटी माझ्या डोक्यातूनही गेली.

"तुझं बरोबर होतं," आई म्हणाली. "मला कळतं ते. मी काही अडाणी नाही. दही न खाल्ल्यानं माणूस मरत नाही."

"मग?"

"दही दिलं की माणूस हात चाटतो, हात पुसतो आणि मग 'येतो' म्हणतो. तसं वळणच पडलेलं असतं. त्या दिवशी ते 'येतो' म्हणालेच नाहीत. रिकामा हात नुसता हलवला. असा." तिनं हात हलवून दाखवला. "तो हात मला रोज दिसतो, वैजू. पेट्या पुसताना दिसतो. आज सकाळी ही माझ्याकडं बघत बसली होती, उपाशी. तू रिक्षा आणायला गेलीस. मला म्हणायचं होतं, नको, हिला नको द्यायला. आणि माझा हात आपला वाटीतच."

मला रडू आलं. आईवरचा राग कुठं गेला ते कळलं नाही. एवढी वर्षं तिचं गप्प राहणं मी दुःख समजत होते. ते दुःख होतंच, पण त्यात एक दह्याची वाटीही होती. ती वाटी मीच फ्रिजवर ठेवली होती, आणि त्याबद्दल तिनं मला एका शब्दानं दुखवलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतीस? तू म्हणाली असतीस, आई, मी चुकले. आणि तू चुकली नव्हतीस. मग मी ते ठेवू कुठं?" ती म्हणाली. "म्हणून त्या माणसावर ठेवलं."

मागं पायरीवर डॉक्टर कोरे उभ्या होत्या. त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता. बहुतेक झाडाखाली जेवायला म्हणून बाहेर आल्या होत्या आणि आमचं बोलणं ऐकून थबकल्या होत्या. त्या परत वळल्या नाहीत, सरळ आमच्या बाकावर येऊन बसल्या आणि जेवल्या. आईला अर्धी भाकरी दिली. आईनं घेतली. शेंगदाण्याच्या चटणीत मीठ कमी आहे, हेही सांगितलं. बालवाडीची बाई काही लपून राहत नाही.

दुपार कलली तशी डॉक्टर आत जाऊन खारीला बघून आल्या. "आता घेऊ," त्या म्हणाल्या. आई एकदम उभी राहिली. तिच्या हातातला डबाही वर आला आणि तिथंच थांबला. तिला त्या डब्याचं काय करावं ते समजत नव्हतं.

डॉक्टरांनी डब्याकडं बघितलं. "काकू, दही कुणाला देतात हो?"

"निघणाऱ्याला."

"मग खारी कुठं निघालीय? ती तर झोपणार आहे. तिला काहीच करायचं नाही." त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर करून. "निघालेय मी. हात माझा चालायला पाहिजे. मला द्या."

आई त्या हाताकडं बघत राहिली. साधा हात, नखं अगदी बारीक कापलेली, बोटावर कुठल्यातरी मांजरानं ओरबाडल्याची खूण. मग तिनं डबा उघडला. चमचा नव्हता. तिनं स्वतःच्या बोटांनी दही घेतलं आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. जरा जास्तच पडलं. डॉक्टरांनी ते लहान मुलीसारखं चाटून टाकलं.

"साखर फार आहे."

"अण्णांना तशी लागायची," आई म्हणाली. "आता 'येते' म्हणा. 'जाते' म्हणायचं नाही."

"येते, काकू." त्या आत गेल्या. बाहेरच्या नळावर, मग आतल्या नळावर, कोपरापर्यंत हात धूत राहिल्याचा आवाज आम्हाला किती तरी वेळ ऐकू येत होता.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. दार बंद. दाराखालून येणारा निळसर उजेड. औषधाचा आणि बुचाच्या फुलांचा एकत्र वास. दस्तगीरमामा रिक्षाच्या मागच्या सीटवर डोळे मिटून ओठ हलवत होते. माझाही डोळा लागला असावा, कारण अण्णा मला अगदी स्वच्छ दिसले. ते पेटी उघडून बसले होते आणि भात्यात फुंकर घालून म्हणत होते, सूर गेला नाही गं, नुसता हवेवाचून अडकलाय. मी डोळे उघडले तर आई तशीच बसलेली, उजवा हात मांडीवर उघडा ठेवून. दही लागलेला हात तिनं धुतला नव्हता. त्यावर एक फूल येऊन पडलं होतं.

दार उघडलं तेव्हा अंगणात दिवा लागला होता. डॉक्टरांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. त्या पायरीवर टेकल्या.

"झालं. पिशवी फुटली नव्हती. हृदयानं मधे एकदा घाबरवलं, पण धरलं तिनं." मग आईकडं बघून म्हणाल्या, "आले मी."

आईनं त्यांच्या गालावरून हात फिरवला.

खारीला आत जमिनीवर घोंगडीवर ठेवलं होतं. पोटावर पट्टी, तोंडातून जीभ बाहेर, डोळे उघडे आणि त्या डोळ्यांत कुणीच नाही. आधीच सांगून ठेवलं होतं तरी ते बघून मी दारातच थांबले. थोड्या वेळानं ती थरथरायला लागली आणि मग रडायला लागली. बारीक, लांब, खोल विहिरीतून आल्यासारखा आवाज. आई खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून देवापुढंही खुर्ची घेणारी आई फरशीवर मांडी घालून बसली आणि हाक मारायला लागली.

"खारे. ये गं. खारे, इकडं. घरी जायचंय."

तेच ते, पुन्हा पुन्हा, न थकता. मला वाटलं, ही हाक तिनं फार दिवसांपासून राखून ठेवली होती. अण्णांना ती मारताच आली नव्हती. त्यांना बाहेर आणलं तेव्हा हाक मारण्यासारखं काही उरलं नव्हतं. खारी रडत होती आणि आई बोलावत होती. मग आधी तिचा एक कान हलला. आणि बऱ्याच वेळानं शेपटी, फरशीवर, एकदाच, हलकीशी.

"आली," आई म्हणाली.

निघताना डॉक्टरांनी सगळं सांगितलं. पलंगावर चढू द्यायचं नाही, ऊब द्यायची, पाणी चमच्या-चमच्यानं, टाके चाटू द्यायचे नाहीत, म्हणून गळ्यात ही प्लास्टिकची कॉलर. दही उद्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शेवटचं वाक्य त्यांनी आईकडं बघून म्हटलं. आईनं मान हलवली. या वेळी मला तिच्या मानेचा भरवसा वाटला.

रिक्षात खारीचं डोकं आईच्या मांडीवर होतं. चौकात दस्तगीरमामांनी सवयीनं बोळात वळायला हँडल फिरवलं.

"सरळ घ्या, मामा," आई म्हणाली.

"सरळ, वैनी?" मामांनी रिक्षा थांबवून मागं बघितलं.

"बोळात खड्डे आहेत. तिला धक्के बसतील."

मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि रिक्षा सरळ घेतली. पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं. त्या मोठ्या दवाखान्याच्या खिडक्या एकेक करून त्यातून वर आल्या, सगळ्या पिवळ्या. आईनं तोंड फिरवलं नाही. ती वरच्या मजल्याकडं बघत होती.

"त्या डॉक्टरांचं नाव काय होतं गं?"

मी नाव सांगितलं. तिनं ते हळूच एकदा म्हणून बघितलं. माझ्या आठवणीत तिनं त्यांचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

"तेही सकाळी घरातून निघाले असतील," ती म्हणाली. "त्यांच्या हातावर कुणी काही ठेवलं असेल का?"

मामांनी रिक्षा जरा हळू केली. कॉलरच्या आतून मान ताणून, अजून अर्धवट झोपेतच, खारी आईचा तळहात चाटायला लागली. तिथं सकाळची नाहीतर दुपारची साखर राहिली असणार. आईनं हात बाजूला घेतला नाही.